झाडपाल्याचे वेदनाशामक औषध : त्याची पारख कशी होते?

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंद, शस्त्रक्रियांची आकडेवारी आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला आरोग्यविषयक एक माहितीपर लेख द्यावा, असा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय आमच्या बाह्यरुग्ण विभागानेच आमच्यापुढे ठेवला.

घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत राहणाऱ्या एक आजी गुडघेदुखीसाठी आमच्याकडे येत असत. मध्यंतरी काही महिने त्या आल्या नाहीत. पुन्हा आल्या तेव्हा गुडघा फारसा दुखत नव्हता. परंतु चेहरा गोल सुजला होता, रक्तातील साखर वाढली होती आणि अंगात त्राण उरले नव्हते. कोणती औषधे चालू आहेत, या प्रश्नाला त्यांनी ‘काही नाही’ असेच उत्तर दिले. सोबत आलेल्या सुनेने मात्र पिशवीतून एक कागदाची पुडी काढून दाखविली. त्यावर आजी म्हणाल्या, “अहो डॉक्टर, ते झाडपाल्याचं आहे. ते कुठं औषधात धरायचं?”

पुडीवर ना उत्पादकाचे नाव होते, ना घटकांची यादी. लक्षणे स्टेरॉइडकडे बोट दाखवीत होती. तथापि पुडीत नेमके काय होते, हे आम्हांस अखेरपर्यंत निश्चित कळले नाही. असे औषध दीर्घकाळ घेतल्यावर एकाएकी थांबविणेही धोक्याचे असते. म्हणून आजींना दाखल करून घेऊन, हळूहळू उपचार बदलून घरी पाठवावे लागले.

या प्रसंगानंतर दोन प्रकारची मते आमच्या कानावर आली. झाडपाला म्हणजे निव्वळ भोंदूपणा, असे काहींचे म्हणणे; तर झाडपाल्याने कधीच अपाय होत नाही, असा इतरांचा विश्वास. आमच्या मते ही दोन्ही मते तपासणीवाचून बनलेली आहेत. वनस्पतीच्या अर्कात वेदना शमविण्याचा गुण आहे किंवा नाही, हे ठरविण्याची एक शिस्तबद्ध रीत आहे. ती रीत वाचकांना समजावी, हाच या लेखाचा हेतू.

परंपरेची साक्ष

वेदनाशामक औषधांचा इतिहास हा बव्हंशी वनस्पतींचाच इतिहास आहे. अफूच्या बोंडातील चिकापासून मॉर्फिन वेगळे काढले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातील विलो वृक्षाच्या सालीचे चूर्ण तापावर उपयोगी पडते, असे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. त्या सालीतील द्रव्याच्या वंशातून १८९७ मध्ये अॅस्पिरिन तयार झाले आणि १८९९ मध्ये ते बाजारात आले. ते वेदना का शमविते, याचा उलगडा मात्र जॉन वेन यांनी १९७१ मध्ये केला : शरीरात दाह व वेदना वाढविणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांची निर्मिती ते रोखते. सालीच्या गुणापासून त्याच्या कारणापर्यंत पोहोचावयास दोन शतके लागली. मिरचीचा तिखटपणा मज्जातंतूंना ज्या ग्राहकामुळे जाणवतो, त्याची ओळख १९९७ मध्ये पटली आणि त्या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरचीतील तेच द्रव्य आज वेदनाशामक मलमांत वापरले जाते.

आपल्या घरांतही ही परंपरा जिवंत आहे. मुरगळलेल्या पायास निर्गुडीचा पाला शेकून बांधणे, सांधेदुखीवर सुंठीचा लेप लावणे, एरंडाची पाने गरम करून गुडघ्यावर ठेवणे, हे उपाय मुंबईच्या उपनगरांतील चाळींतून आणि सोसायट्यांतून आजही होतात. आयुर्वेदाने शल्लकी, गुग्गुळ, रास्ना, पारिजातक, गुळवेल अशा अनेक वनस्पती संधिवातावर सांगितल्या आहेत. शेकडो वर्षांचा हा वापर हा पुरावा आहे. परंतु तो पहिल्या पायरीचा पुरावा होय. कोठे शोध घ्यावा, हे तो सांगतो. काय सापडेल, हे तो सांगू शकत नाही.

मुंबईचे योगदान

या शोधकार्यात आपल्या शहराचा वाटा मोठा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि त्यामुळे साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीसारख्या वनस्पतींचा आधुनिक औषधशास्त्राच्या कसोट्यांवर अभ्यास केला.

उपनगरांतही असे काम झाले. गोरेगाव येथे १९६३ मध्ये सिबा कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले होते. मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात भारतीय वनस्पतींच्या अर्कांची चाळणी चालू असताना, गुजराती घरांत जिच्या मुळांचे ‘गरमर’ नावाचे लोणचे घालतात त्या वनस्पतीत फोर्स्कोलिन हे द्रव्य हाती आले. ते वेदनाशामक नव्हे. रक्तदाबावरील परिणामामुळे ते नजरेत भरले. ते घरोघरी पोहोचणारे औषध झाले नाही, परंतु पेशींतील संदेशवहन अभ्यासण्याचे साधन म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. अर्कापासून निघालेला रस्ता आपण ठरविलेल्या गावीच पोहोचतो असे नाही, हा त्यातील बोध.

विले पार्ले येथील कस्तुरबा हेल्थ सोसायटीच्या वैद्यकीय संशोधन केंद्राशी निगडित असलेले डॉ. अशोक वैद्य यांनी ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ ही संकल्पना पुढे आणली. नेहमीचा मार्ग प्रयोगशाळेकडून रुग्णाकडे जातो. जे औषध लोक पिढ्यान्‌पिढ्या घेत आलेच आहेत, त्याबाबत मात्र प्रथम रुग्णांवरील अनुभवाची काटेकोर नोंद करावी, नंतर मर्यादित चाचणी घ्यावी आणि मग प्रयोगशाळेत त्याचे कारण शोधावे, असा हा उलटा क्रम आहे. यामुळे वेळ व खर्च वाचतो. तपासणीतून सुटका मात्र होत नाही.

अर्क म्हणजे काय?

पारख सुरू होते ती वनस्पतीच्या ओळखीपासून. एकाच नावाने बाजारात दोन-तीन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून तिचा नमुना जतन करावा लागतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून मनास येईल तो पाला तोडून आणणे कायद्यास मान्य नाही, हेही येथे नमूद करणे योग्य.

त्यानंतर प्रश्न येतो तो भागाचा आणि ऋतूचा. पान, मूळ, साल, डिंक यांत निरनिराळी द्रव्ये असतात. ओले आले वाळून सुंठ होताना त्यातील जिंजेरॉलचे काही प्रमाणात शोगाओलमध्ये रूपांतर होते; म्हणजे आले आणि सुंठ ही रासायनिकदृष्ट्या एकच वस्तू नव्हे. पाण्यात काढा केला तर पाण्यात विरघळणारी द्रव्ये उतरतात, अल्कोहोलात भिजविले तर दुसरी. यांपैकी प्रत्येक अर्क ही स्वतंत्र वस्तू आहे आणि एकाची परीक्षा दुसऱ्यास लागू पडत नाही.

म्हणून प्रमाणीकरण आवश्यक ठरते. सुंठीत जिंजेरॉल किती, शल्लकीच्या डिंकात बॉस्वेलिक आम्ले किती, हे क्रोमॅटोग्राफीने मोजले जाते. जड धातू, कीटकनाशके आणि बुरशी यांचीही तपासणी होते. या महिन्याचा अर्क आणि पुढील महिन्याचा अर्क सारखा नसेल, तर त्यावरील कोणत्याही निष्कर्षाला अर्थ राहत नाही. आजींच्या पुडीबाबत पहिलाच प्रश्न अनुत्तरित राहिला होता, हे वाचकांच्या लक्षात येईल.

प्रयोगशाळेतील चाचण्या

वेदना बाहेरून दिसत नाही. तिच्यामुळे होणारी हालचाल तेवढी दिसते. प्रयोगशाळेतील चाचण्या याच हालचालीवर आधारलेल्या आहेत. हॉट प्लेट चाचणीत उंदीर साधारणतः ५५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पत्र्यावर ठेवतात आणि पंजा चाटण्यास किंवा उडी मारण्यास त्याला किती सेकंद लागतात, ते मोजतात. टेल फ्लिक चाचणीत शेपटीवर उष्ण किरण सोडून ती किती वेळात बाजूला होते, ते पाहतात. इजा होऊ नये म्हणून दोहोंमध्ये काही सेकंदांची कमाल मर्यादा आधीच ठरवून ठेवतात. मेंदू व मज्जारज्जूवर काम करणारी, मॉर्फिनच्या जातीची औषधे या चाचण्यांत विशेष ओळखू येतात.

दाहातून उद्भवणाऱ्या वेदनेसाठी निराळ्या चाचण्या आहेत. सौम्य अॅसिटिक आम्ल पोटात टोचल्यावर होणारे आळोखेपिळोखे मोजणे, ही त्यांतील सोपी चाचणी. फॉर्मॅलिन चाचणी अधिक बोलकी आहे. तिच्यात वेदनेचे दोन टप्पे दिसतात : पहिल्या काही मिनिटांतील तत्काळ वेदना आणि थोड्या विश्रांतीनंतर येणारी दाहजन्य वेदना. मॉर्फिन दोन्ही टप्पे शमविते. अॅस्पिरिनसारखी औषधे मुख्यतः दुसरा. त्यामुळे अर्क कोणत्या वाटेने काम करीत असावा, याचा अंदाज येतो. नालोक्सोन हे मॉर्फिनविरोधी औषध आधी देऊन अर्काचा परिणाम नाहीसा होतो का, हे पाहिल्यास तो अंदाज पक्का होतो.

प्रत्येक चाचणीत किमान तीन गट लागतात. एका गटास नुसता द्रव, दुसऱ्यास सिद्ध झालेले वेदनाशामक आणि तिसऱ्यास अर्क. अर्काच्या मात्राही दोन-तीन ठेवतात. मात्रा वाढविल्यावर परिणाम वाढला तर विश्वास वाढतो. येथे एक फसगत संभवते. अर्काने उंदरास गुंगी आली किंवा त्याचे स्नायू शिथिल झाले, तरी तो पाय हलविणार नाही आणि पाहणाऱ्यास वाटेल की वेदना शमली. म्हणून फिरत्या दांड्यावर त्याला तोल सांभाळता येतो की नाही, याची वेगळी परीक्षा घेतात.

या प्रयोगांत मुक्या प्राण्यांस त्रास होतो, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० पासून अस्तित्वात आहे, प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम १९९८ मध्ये झाले आणि प्रत्येक प्रयोगास संस्थेच्या प्राणी-नीती समितीची पूर्वसंमती लागते. शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी ठेवावी आणि त्यांचा त्रास हलका करावा, ही तीन तत्त्वे १९५९ मध्ये मांडली गेली आणि पुढे जगाने मान्य केली. उंदरावर गुण दिसला म्हणजे माणसावर दिसेलच, असे नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. प्रयोगशाळेचा निकाल म्हणजे पुढच्या वर्गात जाण्याची परवानगी; पदवी नव्हे.

माणसावरील कसोटी

माणूस आपली वेदना सांगू शकतो, ही मोठी सोय आणि तीच मोठी अडचण. ठणका, कळ, चमक, आग, सल, रग असे वेदनेचे किती प्रकार आपल्या भाषेत आहेत! ते आकड्यांत आणण्यासाठी रुग्णास १० सेंटिमीटरची एक रेघ दाखवितात. एक टोक म्हणजे वेदना नाही, दुसरे टोक म्हणजे असह्य वेदना. रुग्ण त्या रेघेवर खूण करतो. सोबत जिने चढणे, उठणे-बसणे अशा कामांतील अडचणींची प्रश्नावली असते.

दुसरी अडचण अशी की, औषध म्हणून नुसती पिठाची गोळी दिली तरी अनेकांच्या वेदना खरोखर कमी होतात. तिलाच प्लासिबो म्हणतात. यात रुग्णाचा खोटेपणा नसतो. अपेक्षा, आपुलकी आणि दुखण्याचे मूळचेच चढउतार यांचा तो परिणाम असतो. म्हणून कोणाला काय द्यावयाचे, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवितात आणि रुग्ण व डॉक्टर या दोघांपासूनही ते गुप्त ठेवतात.

या साऱ्या पायऱ्या चढून गेलेले एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘न्यू मिलेनियम’ उपक्रमात संधिवातावरील आयुर्वेदीय औषधांची पारख करण्याचे ठरले. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने झालेल्या पहिल्या चाचणीत सुंठ व गुळवेल यांच्या पायावर तयार केलेले पाच योग, ग्लुकोसामाइन आणि प्लासिबो असे सात गट होते. प्रत्येकात ३५ याप्रमाणे गुडघेदुखीचे २४५ रुग्ण १६ आठवडे तपासले गेले. निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनेच्या मुख्य मोजमापात गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्लासिबोनेही अनेकांना बरे वाटले होते. संशोधकांनी हे स्पष्टपणे लिहिले. मात्र एका योगाच्या रुग्णांना वेदनाशामक गोळ्यांची गरज सर्वांत कमी भासली होती, म्हणून तो योग पुढील अभ्यासासाठी निवडला गेला.

पुढील मोठी चाचणी ४४० रुग्णांवर, २४ आठवड्यांची झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. गुळवेल, सुंठ, आवळा आणि शल्लकी यांच्या अर्कांवर आधारलेले दोन योग एका बाजूस. दररोज २ ग्रॅम ग्लुकोसामाइन आणि २०० मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूस. १० सेंटिमीटरच्या रेघेवर दीड सेंटिमीटरपर्यंतचा फरक ‘समान’ धरावा, हे आधीच ठरले होते. चारही गटांतील सुधारणा त्या मर्यादेत राहिली. म्हणजे हे योग त्या दोन औषधांच्या बरोबरीचे ठरले.

ही बातमी आनंदाची आहे. तरीही ती नीट वाचली पाहिजे. या दुसऱ्या चाचणीत प्लासिबोचा गट नव्हता. ग्लुकोसामाइनची बरोबरी ही फार मोठी शिफारस नव्हे, कारण अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ग्लुकोसामाइन एकंदरीत प्लासिबोहून सरस ठरले नव्हते. सेलेकॉक्सिबची बरोबरी अधिक मोलाची. तथापि त्याच अमेरिकन चाचणीत प्लासिबोने सुमारे ६० टक्के रुग्णांना, तर सेलेकॉक्सिबने सुमारे ७० टक्के रुग्णांना आराम मिळाला होता. अंतर एवढे लहान असताना, ‘बरोबरी’ औषधाच्या गुणाने झाली की विश्वासाच्या बळावर, हे प्लासिबोवाचून पूर्णपणे सांगता येत नाही. भारतीय चाचणीतील २८ टक्के रुग्ण मध्येच बाहेर पडले, हेही विसरून चालणार नाही. संशोधकांनीही आणखी अभ्यास व्हावा, असेच म्हटले आहे.

निसर्गातले म्हणजे निर्धोक नव्हे

याच चाचणीत २६ रुग्णांच्या रक्तात यकृतावरील ताण दर्शविणारे एस.जी.पी.टी. हे द्रव्य वाढलेले आढळले. त्यांना कोणताही त्रास जाणवत नव्हता. आयुर्वेदीय योग घेणाऱ्या ७ रुग्णांचे औषध थांबविण्यात आले आणि नंतर ते प्रमाण पूर्ववत झाले. रक्ततपासणी वेळोवेळी होत होती, म्हणूनच ही गोष्ट कळली. रस्त्यावरील पुडीमागे अशी तपासणी करणारा कोणीही नसतो.

कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी पोहोचला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि ती वनस्पती खरी गुळवेलच होती कशावरून, असा प्रश्न उपस्थित केला. वाद कोणीही जिंको. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून एकच गोष्ट सिद्ध होते. ओळख, मात्रा आणि देखरेख यांवाचून कोणतीही मुळी औषध होत नाही.

तपासलेल्या वनस्पतिजन्य औषधांसाठी कायद्याने दारही उघडले आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा स्वतंत्र औषधवर्ग निर्माण केला. अर्काची रासायनिक ओळख, सुरक्षितता आणि रुग्णांवरील परिणाम यांचा पुरावा सादर केल्यास त्यास आधुनिक औषधाप्रमाणे मान्यता मिळू शकते.

आमची विनंती

आमचे रुग्णालय ही संशोधनसंस्था नव्हे. नवे औषध शोधणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु रुग्णाने सांगितलेली गोष्ट न हसता ऐकणे आणि ती लिहून ठेवणे निश्चितच आवाक्यातील आहे. आजींनी पुडीचा उल्लेख केला नाही, याचा दोष आम्ही त्यांच्या माथी मारू इच्छित नाही. ‘कोणती औषधे घेता?’ एवढेच आम्ही विचारले होते. ‘काढा, चूर्ण, लेप, तेल, कोणी दिलेली पुडी घेता का?’ असे विचारावयास हवे होते. आता आमच्या केसपेपरवर हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला जातो.

वाचकांस आणि त्यांच्या घरातील ज्येष्ठांस आमची नम्र विनंती अशी. नाव, घटक, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली नाही असे कोणतेही औषध पोटात घेऊ नये. ‘तासाभरात दुखणे गायब’ असे सांगणाऱ्या चूर्णाबद्दल विशेष शंका घ्यावी. काही काळ असे औषध घेतले असल्यास ते स्वतःच एकाएकी बंद न करता, उरलेल्या पुडीसह डॉक्टरांकडे यावे. वैद्यांकडून रीतसर उपचार चालू असतील, तर तेही सांगावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी तर हे आवर्जून सांगावे.

त्या आजी आता नियमितपणे येतात. गुडघा अधूनमधून दुखतो. व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि मोजक्या गोळ्या यांवर भागते. निर्गुडीचा शेकही त्या घेतात आणि आम्ही त्यास हरकत घेतलेली नाही. मागील भेटीत शेजारच्या बाईंना घेऊन त्या आल्या होत्या. त्या बाईंच्या हातात एक कागदाची पुडी होती.